बॉनेटवरचे ओरखडे कुणाचे

सत्तावीस वर्षं मी कॅनडात, एडमंटनमधल्या एका बॉडी शॉपमध्ये नोकरी केली. बॉडी शॉप म्हणजे ठोकलेल्या, घासलेल्या गाड्या सरळ करून पुन्हा रंगवायचं दुकान. इंजिनातलं मला फारसं कळत नाही आणि या वयात कळून घ्यायची इच्छाही नाही. माझा संबंध फक्त गाडीच्या कातडीशी. इथल्या मराठी कार्यक्रमांत जेवणाच्या रांगेत कुणी नवीन माणूस विचारतो, "काका, तुम्ही कशात होतात?" मी सांगतो, "रंगात." तो जरा घुटमळतो आणि मग समजूतदारपणे म्हणतो, "अच्छा, म्हणजे पेंट इंडस्ट्री." मी मान डोलावतो. नागपूरच्या आयटीआयमधून निघालेला पेंटर आहे असं सांगितलं, की समोरच्याला पुढं काय बोलावं ते सुचत नाही आणि रांगही अडून राहते.

पण त्याच माणसाचा पंधरा दिवसांत फोन येतो. "काका, एक छोटासा स्क्रॅच आहे. घरीच निघेल ना?"

प्रत्येक ओरखडा मालकाच्या लेखी छोटासाच असतो. एकानं मला 'छोटासा' म्हणून जो दाखवला होता, त्याच्यातून दाराच्या आतली वायर दिसत होती. म्हणून मी फोनवर निकाल देत नाही. मी सांगतो, गाडी आधी स्वच्छ धुऊन घे, वाळू दे आणि ओरखड्यावरून आडवं नख फिरव. नख सरळ घसरलं तर घरी निघेल. नख अडलं तर माझ्याकडे ये. नखाला खोटं बोलता येत नाही, गाडीच्या मालकांना मात्र छान येतं.

हे नख कशात अडतं ते थोडक्यात सांगतो. गाडीचा पत्रा असतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यांत वर एक पारदर्शक थर. त्याला क्लिअर कोट म्हणतात. आपण शेजाऱ्याच्या गाडीची जी चमक बघून जळतो, ती रंगाची नसते, या थराची असते. हा थर कांद्याच्या पापुद्र्याएवढा असेल नसेल. घरगुती ओरखडे बहुतेक याच थरात असतात. ते 'काढायचे' म्हणतात, पण काढत कुणीच नाही. ओरखडा म्हणजे खड्डा. बारीक पॉलिश लावून आजूबाजूची जमीन खड्ड्याच्या तळापर्यंत खाली आणायची, एवढाच हा उद्योग. म्हणजे दर वेळी थोडा पापुद्रा कमी होतो. ज्याला हे कळलं तो हात हलका ठेवतो. ज्याला कळलं नाही तो जोर लावतो आणि मग मला फोन लावतो.

मूळचे पुण्याचे एक सॉफ्टवेअरवाले गृहस्थ होते. त्यांनी गाडीच्या दाराला टूथपेस्ट लावली होती. टूथपेस्टनं बारीक ओरखडे थोडेफार जातात, हे खरं आहे. पण यांनी घरातली मीठ आणि लवंग घातलेली आयुर्वेदिक पेस्ट घेतली आणि दार दातासारखं घासलं, वरून खाली, खालून वर. दार पांढुरकं झालं. मी विचारलं, "हिरड्यांतून रक्त आलं का?" ते हसले नाहीत. मी अर्ध्या तासात दार पूर्ववत केलं. ते बारकाईनं बघत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे प्रिन्सिपल करेक्ट होतं काका, फक्त पार्टिकल साइज चुकली." मला राग आला, कारण ते बरोबर बोलले होते.

दुसऱ्या एका घरात नव्या गाडीची पूजा झाली. पूजा सांगणारे स्वतः दिवसा बँकेत डेटाबेस सांभाळतात. त्यांनी बॉनेटवर ओल्या कुंकवानं मोठा 'श्री' काढला. बोटात खड्याची अंगठी होती. पावसानं कुंकू गेलं, 'श्री' राहिला. तिरप्या उन्हात तो असा काही उठून दिसायचा की बोलायची सोय नाही. नवरा म्हणाला, घालवा. बायको म्हणाली, स्वतःहून राहिलेला देव घालवायचा नाही. मी दोनदा मशीन घेऊन गेलो आणि दोनदा चहा पिऊन परत आलो. ती गाडी पुढं एका सरदारजींनी विकत घेतली. 'श्री' पाहून ते म्हणाले, "ये फॅक्टरी से आया है?"

एवढी वर्षं ओरखडे बघितले, की ते हस्ताक्षरासारखे वाचता येतात. दाराच्या मुठीखालचे बारीक अर्धगोल अंगठीचे. मागच्या दारावर कमरेच्या उंचीला आडवा ओरखडा असला तर तो ग्रोसरीच्या कार्टचा. आरशाच्या टोकाला पांढरा रंग लागला असेल, तर ते मालकाच्या स्वतःच्या गॅरेजच्या चौकटीचं काम. पण हे कळलं तरी बोलायचं नाही. आमचा फोरमन म्हातारा युक्रेनियन होता. पहिल्याच आठवड्यात त्यानं मला बाजूला घेऊन बजावलं होतं, की आपण गाडी दुरुस्त करतो, गिऱ्हाइकाचा संसार नाही. ओरखडा कसा पडला हे विचारायचं नाही आणि दिसलं तरी सांगायचं नाही. हा नियम मी सत्तावीस वर्षं पाळला. इथल्या मराठी मंडळातले एक गृहस्थ बायकोसमोर मला छातीठोक सांगत होते, की पार्किंग लॉटमध्ये कुणीतरी ठोकून पळून गेला. मी आरशाच्या टोकावरचा गॅरेजचा पांढरा रंग पुसत पुसत म्हणालो, "हल्ली लोक फार बेजबाबदार झालेत." त्यांच्याकडून दर दिवाळीला मला चिवड्याचा डबा येतो.

नोकरीनं दोन गोष्टी मात्र घेतल्या. सुरुवातीच्या वर्षांत तोंडावर मास्क लावायचा कंटाळा केला, म्हणून आज घरात फोडणी करपली तरी मला वास येत नाही. आणि उजवा खांदा गेला. मशीन धरायचं नाही, असं डॉक्टरनं सांगितलं आणि ते माझ्या बायकोनं, सुषमानं, ऐकलं. त्यामुळे निवृत्तीनंतर मी फक्त सल्ला देतो. या सल्ल्याच्या धंद्यात एकदाच माझी चूक झाली आणि ती मला अजून टोचते. ते सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलं.

मागच्या वर्षीच्या एप्रिलच्या अखेरची गोष्ट. बर्फ नुकताच गेला होता. सुषमा फोन हातात घेऊन आली. "शालनताई आहेत. रडून राहिल्या. काय झालं ते मले सांगत नाहीत, तुम्हीच बोला."

शालनताई आमच्याकडे रविवारच्या बुद्धवंदनेला येतात. तासगावकडच्या. तीस वर्षं अंगणवाडी सेविका होत्या. यजमान वारल्यावर मुलाकडे, अमोलकडे, नोव्हेंबरात पहिल्यांदाच कॅनडात आलेल्या. अमोल इंजिनिअर आहे, महिन्यातून एक आठवडा कामासाठी वर फोर्ट मॅकमरीला जातो. सून प्रज्ञा डाउनटाउनमध्ये ऑफिसला जाते, ती गाडी चालवत नाही, एलआरटीनं, म्हणजे इथल्या लोकलनं जाते.

"जय भीम, भाऊ," शालनताई म्हणाल्या. "तुमी गाडीच्या रंगाचं बघता न्हवं? माझ्याकडनं लई मोठी चूक झालीया. अमोल शुक्रवारी येणार. त्याच्या आत तुमी एकदा येऊन जावा."

तो बुधवार होता. मी गेलो. गॅरेजचं दार उघडं होतं. आत अमोलची गडद निळी गाडी उभी, बॉनेटवरून पाणी निथळतंय आणि शेजारी बादली आणि पाण्याचा मग घेऊन शालनताई उभ्या. अंगात मुलाचं जुनं जॅकेट, पदर कमरेला खोचलेला.

"कशी दिसतीया?" त्यांनी विचारलं.

"छान. आरशासारखी."

"आता थांबा जरा."

आम्ही दोघं थांबलो. बॉनेट वाळायला लागलं आणि निळ्या रंगावर करड्या गोलगोल रेघांचं जाळं उमटायला लागलं. एकात एक, एकात एक, काचेपासून हेडलाइटपर्यंत. दारावरही तेच. वाळता वाळता गाडी म्हातारी झाली. शालनताईंनी मगभर पाणी मारलं, ती पुन्हा तरुण झाली.

"सोमवारपासनं ह्येच करतीया मी. दर तासाला पाणी घालती. प्रज्ञा सकाळी ह्या दारातनंच जाती न्हवं. तिला म्हणते, मला आवडतं गाडी धुवायला."

"आणि शुक्रवारी?"

"अमोल आला की बादली घिऊन हुबी राहणार होते. पर किती दिवस राहू?"

पाण्याचं हे असं असतं. ते ओरखड्यात भरतं आणि ओरखडा दिसेनासा होतो. आमच्या धंद्यात ही चाचणी आहे. ओल्यात लपणारा ओरखडा वरच्या थरातच असतो, म्हणजे बरा होतो. ही चाचणी तीस-चाळीस वेळा घेतलेली पहिलीच गाडी मी पाहत होतो.

झालं होतं ते असं. हिवाळाभर रस्त्यावर टाकतात ते मीठ आणि वाळू गाडीवर पुटं चढवून बसलं होतं. मुलगा आठवडाभर बाहेर. त्याला आल्यावर गाडी लख्ख दिसावी, म्हणून सोमवारी त्या कामाला लागल्या. येताना बॅगेतून नारळाचा काथ्या आणला होता, कारण इथल्या घासण्या त्यांना घासणी म्हणण्याच्या लायकीच्या वाटत नव्हत्या. काथ्या, भांड्यांची पावडर आणि तासगावात पितळी घागर घासतात तसा गोल हात. वर गाडीवरची वाळू होतीच.

"पितळंला चालतं, मग हिला का न्हाई?" त्यांनी मला जाब विचारला. चूक त्यांची होती, पण उत्तर मी द्यायचं होतं.

"ताई, पितळ आतपर्यंत पितळच असतं. कितीही घासा, खाली पितळच निघतं. हिच्या अंगावर नुसता कांद्याचा पापुद्रा आहे."

"म्हंजे तव्यावाणी," त्या म्हणाल्या.

तव्याची गोष्ट मला वंदनेला येणाऱ्या सगळ्यांप्रमाणे माहीत होती. कॅनडात आल्यावर आठच दिवसांत त्यांनी सुनेचा नॉनस्टिक तवा काथ्यानं घासून पांढरा केला होता. सगळं काळं निघालं म्हणून खूश होऊन तो ओट्यावर उभा करून ठेवला होता. त्या संध्याकाळी अमोल म्हणाला होता, "आई, तू इथं कशालाच हात लावू नको. तू फक्त आराम कर." तेव्हापासून पाच महिने त्या आराम करत होत्या. भांडी मशीन धुतं, कपडे मशीन धुतं, बाहेर बर्फ. तीस वर्षं रोज चाळीस पोरांना जेवू घातलेली बाई खिडकीत बसून शेजारच्या घरासमोरचा बर्फाचा ढीग किती उरला ते बघायची.

"त्यानं ठेवून घ्यायचं म्हटलंय मला," त्या सांगू लागल्या. "मे मधलं तिकीट पुढं ढकलायचं का, म्हणून विचारतोय. पर हे बघितलं तर काय करंल? रागवायचा न्हाई, भाऊ. रागवला तर बरं. तो गप बसंल आणि म्हणंल, राहू दे आई. ते 'राहू दे आई' मला न्हाई ऐकवत. तसं झालं तर मी आपली मे मध्येच जाते. नुसतं बसून खाणं मला जमत न्हाई."

शुक्रवार संध्याकाळपर्यंत अडीच दिवस होते. मी नख फिरवलं. जाळ्यातल्या रेघांवर ते कुठंच अडलं नाही. जीव भांड्यात पडला. मशीन असतं तर हे अर्ध्या दिवसाचं काम. पण घरातून निघताना सुषमानं दम दिला होता, "खुर्चीवर बसून सांगजा फक्त. हात लावला, तर मग खांदा दुखते म्हणून मले सांगू नका." त्यामुळे हात शालनताईंचे आणि तोंड माझं, अशी वाटणी झाली.

मी बॉनेटवर टेप लावून चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनाला वाटाण्याएवढं पॉलिश, मऊ पॅड, तळहात सपाट, बोटांचा जोर नाही, आडवे वीस हात आणि उभे वीस हात. मग मऊ फडक्यानं पुसायचं आणि पुढच्या चौकोनात जायचं. एवढं सांगून मी मनातल्या मनात हात जोडले, कारण नवशिक्या माणसाचा हात पहिल्या दिवशी कुठं दाबतो, कुठं सुटतो. दुकानात नवीन पोराला हे जमायला महिने लागायचे.

शालनताईंना दोन चौकोन लागले. तिसऱ्या चौकोनात मी बघतच राहिलो. दाब कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही. मी विचारलं, हे कुठं शिकलात? त्या म्हणाल्या, "भाकरी कदी पातळ-जाड झाली तर पोरं खायची न्हाईत." सोबत मोठ्यानं मोजत होत्या, अंगणवाडीत मोजतात तसं, लयीत, एक, दोन, तीन. एकदा मी घाई केली, सोळावर म्हटलं पुरे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पाठीचा कणा सरळ करून बसलो. वीस झाल्याशिवाय त्या थांबल्या नाहीत.

दुपारी बॉनेटच्या मधल्या चौकोनांशी आम्ही पोचलो आणि तिथं जाळ्याखाली मला दुसरंच काहीतरी दिसलं. पाच सरळ रेघा. एकमेकींना समांतर, हातभर लांब, एका जागी सुरू होऊन एका जागी थांबलेल्या. दोन रेघांवर नख अडलं. काथ्या गोल फिरतो, त्याच्यानं अशी सरळ रेघ सात जन्मांत पडणार नाही. मी वाकून बघितलं. रेघांच्या तळाशी महिनोन्महिन्यांचा मळ बसलेला होता.

अशा रेघा मी प्रत्येक हिवाळ्यात बघितल्या आहेत. नवीन आलेला माणूस सकाळी उठतो, गाडीवर फूटभर बर्फ असतो, ब्रश सापडत नाही, ऑफिसला उशीर झालेला असतो, आणि हाताशी अंगणातला बर्फ उपसायचं फावडं असतं. त्या घरात फावडं कोण चालवतं, हे काही मला विचारायची गरज नव्हती.

शालनताईंनी त्या रेघांवर वीस हात मारले, मग चाळीस, मग साठ. रेघा हलल्या नाहीत. त्यांनी नख फिरवलं, मी शिकवलं होतं तसं. अडलं.

"ह्या न्हाईत निघत," त्या म्हणाल्या. "काथ्यात खडा असणार. मी दाबून घासलं हितं, मला आठवतंय." डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, हात चालूच होता. "माझाच हात मेला जड."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या कानाशी तो म्हातारा युक्रेनियन उभा होता. आपण गाडी दुरुस्त करतो, संसार नाही. पोरानं आईपासून काही लपवलं असेल तर ते आईला सांगणारा मी कोण? मी म्हणालो, "बघू ताई, त्यालाही उपाय आहे." मोठं शहाणपण केल्यासारखं वाटलं मला.

तेवढ्यात प्रज्ञा लवकर घरी आली. मला बघून म्हणाली, "ओ हाय काका, तुम्ही इथे? आई तर सोमवारपासून कम्प्लीटली ऑब्सेस्ड आहेत या गाडीने. बट ऑनेस्टली, थँक गॉड. अमोलला मी ऑल विंटर सांगतेय, कार वॉशला ने, कार वॉशला ने. तो जस्ट रिफ्यूज करतो." मी मान डोलावली. कार वॉशला का नेत नव्हता, तेही मला कळलं. मळाखाली रेघा झाकल्या जातात, ते फुकटचं टच-अप असतं. शालनताई सुनेकडे पाठ करून जोरजोरात फडकं पिळत राहिल्या.

गुरुवारी मी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरून रंगाचा नंबर उतरवून घेतला, डीलरकडे जाऊन त्या नंबरचा टच-अप पेन आणला आणि त्या रेघांना डाव्या हातानं मीच हात घातला. सगळ्यांत बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून रेघांच्या कडा बोथट केल्या, अडणाऱ्या दोन रेघांत सुईच्या टोकाएवढा रंग भरला. शुक्रवारी सकाळी तो वाळल्यावर शालनताईंनी वरून पॉलिशचा हात दिला. दुपारी दोन वाजता गाडी बाहेर उन्हात काढली. मी चार पावलांवरून बघितली, दोन पावलांवरून बघितली. जाळं गेलं होतं. तीन रेघा गेल्या होत्या. राहिलेल्या दोन फक्त त्यालाच दिसल्या असत्या, ज्याला त्या कुठं आहेत हे आधीपासून माहीत होतं. शालनताईंनी बादली भरून ठेवली होती, ती त्यांनी स्वतःच ओतून दिली.

शनिवारी सकाळी अमोलचा फोन आला. आवाज दबलेला.

"काका, ग्रोसरीच्या पार्किंगमधून बोलतोय. आईनं गाडी वॉश केलीय."

"अरे वा."

"वॉश म्हणजे, शोरूममधून आणल्यासारखी दिसतेय. प्रज्ञा म्हणाली तुम्ही पण होतात. काका, बॉनेटवर काही दिसलं का तुम्हाला?"

"काय दिसायला हवं होतं?"

त्यानं आवाज आणखी खाली आणला. मग म्हणाला, "नोव्हेंबरमध्ये एकदा लेट झालं होतं, तेव्हा फावड्यानं स्नो काढला मी. पाच लाइन्स पडल्या. आता तीन गायबच आहेत. मला झोप लागली नाही काका. आईनं बघितल्या का त्या?"

"एवढं काय त्यात? गाडी तुझी, फावडं तुझं."

"तसं नाही ना. त्याच्या दोनच दिवस आधी तव्यावरून मी तिला लेक्चर दिलं होतं. कोटिंग म्हणजे काय, किती मायक्रॉनचं असतं, अर्धा तास. आणि मग मी स्वतः हे केलं. कुठल्या तोंडानं सांगू? कळलं तर ती काही बोलणार नाही. फक्त म्हणेल, असू दे बाळा. ते मला सहन होत नाही."

मी खुर्चीत बसलो. सुषमा समोर कोथिंबीर निवडत होती, तिचे हात थांबले. मी सत्तावीस वर्षांचा नियम मोडला.

"अमोल," मी म्हणालो, "त्या रेघा तुझ्या आईला वाटलं तिच्याच हातानं पडल्या. काथ्यानं गाडी घासली म्हणून आधीच घाबरली होती बिचारी. तुझ्या त्या पाच रेघा तिनं रडत रडत पुसल्यात. आणि मे मध्ये परत जायचं म्हणते."

पलीकडे गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. मग फोन बंद झाला.

शनिवार गेला, रविवार गेला. शालनताई वंदनेला आल्या नाहीत. मी दहा वेळा फोन हातात घेतला आणि ठेवला. सुषमा म्हणाली, "तोंड उघडायचंच होतं, तर बुधवारी काहून नाही उघडलं? ती बाई दोन दिवस रडून राहिली अन् तुम्ही पेपर भिजवून राहिले." 

सोमवारी सकाळी फोन आला.

"जय भीम, भाऊ." आवाज करडा. "त्या रेघा फावड्याच्या, ह्ये तुमाला बुधवारीच ठावं होतं?"

"होतं."

"आणि मला बोलला न्हाई?"

"ताई, आमच्या दुकानाचा तसा नियम होता. गिऱ्हाइकाला सांगायचं नाही."

"मी काय गिऱ्हाईक हुते व्हय?"

एवढ्या वर्षांत मला कुणी असं कात्रीत पकडलं नव्हतं. मी माफी मागितली. फोनवर मागितली आणि ती मनापासून मागितली, कारण तो नियम ज्या लोकांसाठी होता, त्यांच्यात मी एका रडणाऱ्या बाईला बसवलं होतं आणि वर स्वतःला शहाणा समजलो होतो. शालनताईंनी मला माफीचं पूर्ण वाक्य बोलू दिलं, मध्ये तोडलं नाही. मग त्यांचा आवाज सैल झाला.

अमोलनं शनिवारी दुपारी जेवताना, प्रज्ञासमोर, सगळं सांगून टाकलं होतं. मग यांनीही काथ्याचं सांगितलं. प्रज्ञा आधी दोघांकडे बघत राहिली आणि नंतर इतकी हसली की तिला उठून पाणी प्यावं लागलं. रविवारी तिघं गाडीतून दूर कुठल्याशा तळ्यावर फिरायला गेले होते, म्हणून वंदनेला आल्या नव्हत्या.

"तिकीट?" मी विचारलं.

"ऑक्टोबरचं केलं." मग म्हणाल्या, "आज सकाळी कामाला जाताना अमोल माझ्याम्होरं हुबा राहिला, भाऊ. म्हणला, आई, ह्या रविवारी माझी गाडी धुशील का?"

"मग? काय म्हणालात?"

"म्हणलं, बघू. येळ मिळाला तर."